सूरजागडच्या लोकस्मृतीतील बाबुराव शेडमाके : करिश्मा आणि अनुयायांचे मानस

प्रभावी नेत्यांच्या व्यक्तिमत्त्वावर विपुल लेखन झाले आहे; त्यांना नेता मानणाऱ्यांचा विचार मात्र तुलनेने कमी झाला. वस्तुतः करिश्म्याची संकल्पना मांडणाऱ्या मॅक्स वेबर यांनी नेत्याच्या गुणांइतकेच अनुयायांच्या मान्यतेला महत्त्व दिले होते. गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागड परिसरात आजही आदराने स्मरले जाणारे बाबुराव शेडमाके यांचा १८५८ चा उठाव या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजी अंमलाखाली आला. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातील बाबुरावांनी मार्च १८५८ मध्ये सुमारे ५०० गोंड, माडिया व रोहिले जमवून राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. या साऱ्यांना केवळ भारावलेला जमाव समजणे योग्य नव्हे. रोहिल्यांची शिपाईगिरी, जमीनदाराची वतनाची चिंता आणि माडियांचे जंगल यांची प्रेरणा एक असणे संभवत नाही. करिश्म्याने या भिन्न प्रेरणा एका नावाभोवती आणल्या, इतकेच म्हणता येते.

त्या प्रभावाला मर्यादाही होत्या. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने इंग्रजांनी बाबुरावांना सप्टेंबरमध्ये पकडले. नेत्याचे तेज सर्वांवर सारखे पडत नाही. सत्तेशी ज्याचे हित जुळलेले, त्याला ते दिसतच नाही.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आली. लोककथा मात्र वेगळे सांगते. त्यांनी जंगलातील दुर्मीळ 'ताडवा' खाल्ला होता, म्हणून फाशीचा दोर पुनःपुन्हा तुटला. ही कथा भोळेपणाची खूण म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु अजिंक्य मानलेला नेता मारला कसा गेला, या असह्य प्रश्नाचे ते उत्तर आहे. भाकीत खोटे ठरूनही श्रद्धा न सोडणाऱ्या अमेरिकी गटाचा अभ्यास लिऑन फेस्टिंजर व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे श्रद्धा वाचविण्यासाठी अनुयायांनी घटनेचा अर्थ बदलला. येथे बदललेला अर्थ पिढ्यानुपिढ्या टिकला आणि त्याला जंगलाचा आधार मिळाला, हा फरक दुर्लक्षणीय नाही. नेत्याचे सामर्थ्य राजवंशातून वा शस्त्रातून नव्हे, तर रानातूनच आले, असे ही कथा सांगते.

सूरजागडच्या लोहखनिज उत्खननाला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांनी म्हणूनच ठाकूरदेवाच्या पूजास्थानासोबत बाबुरावांचेही नाव घेतले.