नोकरी गेली, पण कशामुळे?

कारखान्यातलं काम मेक्सिकोला किंवा चीनला गेलं म्हणून बेकार झालेल्या अमेरिकी कामगाराला तिथलं सरकार भत्ता द्यायचं आणि नवं काम शिकण्याचा खर्चही उचलायचं. योजनेचं नाव 'ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स'. कागदोपत्री तिचा जन्म १९६२चा, पण कूळ शोधायला गेलं तर पोलाद कामगारांपर्यंत मागे जावं लागतं.

१९५३ साली आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत परदेशी व्यापाराचं धोरण ठरवायला आयोग बसला. अध्यक्ष इनलँड स्टील कंपनीचे क्लॅरन्स रँडल आणि सदस्यांत पोलाद कामगार संघटनेचे डेव्हिड मॅकडोनाल्ड. आयोगाचा कल जकाती उतरवण्याकडे होता. मॅकडोनाल्ड यांचा त्याला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की जकात सरकार उतरवणार, स्वस्त माल सगळा देश वापरणार, मग त्याची किंमत चार गावांतल्या कामगारांनीच का मोजायची? आयोगाला हे पटलं नाही. मॅसेच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरला मात्र पटलं. त्याच्या राज्यातल्या कापडगिरण्या दक्षिणेकडे निघून गेल्या होत्या, त्यामुळे बंद गिरणी म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायला नको होतं. या जॉन केनेडींनी १९५४मध्ये त्या धर्तीवर विधेयक मांडलं. ते बारगळलं. युरोपात मात्र कोळसा-पोलाद संघाच्या १९५१च्या करारातच कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद होती.

केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि युरोपच्या सामाईक बाजारपेठेशी वाटाघाटी करायला त्यांना जकाती निम्म्यापर्यंत उतरवण्याचे अधिकार हवे झाले. त्यासाठी कामगार संघटनांचा पाठिंबा लागणार होता. लग्नात रुसलेल्या मामाला फेटा बांधून मांडवात आणतात, तशी ही योजना ते अधिकार देणाऱ्या कायद्यात आली. ११ ऑक्टोबर १९६२ला सही झाली. पगाराच्या ६५ टक्के भत्ता, ५२ आठवडे. ऐकायला झकास.

मेख पात्रतेच्या कलमात होती. जकातीत अमुक सवलत दिली म्हणून आयात वाढली आणि मुख्यतः त्या आयातीमुळेच नोकरी गेली, अशी साखळी कडीला कडी जोडून सिद्ध करायची, तीही टॅरिफ कमिशनपुढे. ऑक्टोबर १९६२ ते नोव्हेंबर १९६९, सात वर्षं. मंजूर झालेले अर्ज शून्य. एकही नाही! संघटनांनी या मदतीला 'मयताचा विमा' म्हणायला सुरुवात केली, त्यात नवल नाही.

पुढचा सगळा इतिहास या एका कलमाच्या ओढाताणीचा आहे, आणि ते सैल व्हायचं ते बहुधा सरकारला व्यापाराचं नवं काहीतरी मंजूर करून घ्यायचं असे तेव्हा. १९७४च्या कायद्यात सवलतीशी धागा जुळवण्याची अट गेली आणि निर्णय कामगार खात्याकडे आला. मग १९८०मध्ये जपानी मोटारींनी डेट्रॉइटला घाम फोडला. पाच लाखांवर कामगार पात्र ठरले, वर्षाचा खर्च १६० कोटी डॉलरच्या घरात गेला. त्यातल्या बऱ्याच जणांना पैसे मिळाले तेव्हा ले-ऑफ संपून ते कामावर परतलेही होते. रेगन यांच्या हाती हे आयतंच कोलीत मिळालं. १९८१मध्ये भत्ता बेकारी विम्याइतका खाली आला, तोही विमा संपल्यावर.

अर्ज करणं अवघड नव्हतं. तिघा कामगारांच्या सह्या पुरत. कंपनी काय बनवते, काम कुठे गेलं, एवढं लिहायचं. पुढे खातं कंपनीकडून आकडे मागवी, तिच्या गिऱ्हाइकांना विचारी, की तुम्ही परदेशी माल घ्यायला लागलात का? म्हणजे ज्याची चूल थंडावली त्याचा निकाल तिसऱ्याच कोणाच्या उत्तरावर! काम मेक्सिकोला गेलं तर मदत, अमेरिकेतल्याच टेनेसीला गेलं तर नाही, यंत्राने खाल्लं तरी नाही. कामगाराच्या घरात तिन्हींचा अर्थ एकच. मला या योजनेतली खरी खोट हीच वाटते.

गंमत म्हणजे कारखानाच उचलून परदेशी नेला, या सर्वांत उघड प्रकाराला कायद्यात कित्येक वर्षं जागा नव्हती. बघायचं ते आयातीकडे. १९९३मध्ये मेक्सिको-कॅनडाबरोबरचा नाफ्टा हा व्यापारकरार मंजूर करून घेताना तिकडे गेलेल्या कारखान्यांसाठी वेगळी सोय झाली. २००२मध्ये ती इतर अनेक देशांना लागू झाली. त्याच वेळी पन्नाशी उलटलेल्यांना कमी पगाराची नोकरी धरल्यास पगारातल्या फरकाचा निम्मा भाग, दोन वर्षांत १० हजार डॉलरपर्यंत, मिळू लागला. पन्नाशीच्या फिटरला पुन्हा वर्गात बसवण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

इथे आपलीही हजेरी लागते. काम भारतात गेलेल्या अमेरिकी सॉफ्टवेअरवाल्यांनी अर्ज केले, तेव्हा खात्याने सांगितलं की तुम्ही 'वस्तू' बनवत नव्हता. प्रोग्रॅम डिस्कवर भरून दिला तर वस्तू, तारेवरून पाठवला तर नाही! प्रकरणं न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेली आणि २००६मध्ये खात्याने भूमिका बदलली. २००९मध्ये सेवाक्षेत्रही कायद्यात आलं, कॉल सेंटरसकट. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्याला आपल्या खुर्चीमागे असा एखादा अर्ज असू शकतो याची कल्पना क्वचितच असेल.

२०१५मध्ये ओबामांना व्यापारकरारांसाठी अधिकार हवे होते, तेव्हा योजनेला शेवटची मुदतवाढ मिळाली. ते अधिकार २०२१मध्ये संपले आणि सरकारने पुन्हा मागितले नाहीत. संघटनांचा रुसवा काढायचं कारणच उरलं नाही. १ जुलै २०२२पासून कामगार खात्याने नवे अर्ज घेणं थांबवलं; आधी मंजूर झालेल्यांचा लाभ तेवढा चालू राहिला.