सईद मिर्झा : आपली गोष्ट सांगणारा माणूस

नववीतला एखादा मुलगा “सर, मला सिनेमा काढायचाय” म्हणाला की वर्ग हसतो. घरी तर विचारूच नका. आयटीआय कर, गल्फला जा, असा सल्ला वसई-नालासोपाऱ्यातल्या आपल्या वस्त्यांत सर्रास मिळतो. त्यामागची काळजी खोटी नाही. तरीही अशा वेळी मला सईद अख्तर मिर्झा आठवतात.

जन्म १९४३ चा, मुंबईतला. वडील अख्तर मिर्झा लेखक. बस आणि टांग्याची शर्यत दाखवणाऱ्या ‘नया दौर’ची (१९५७) कथा त्यांची, ‘वक्त’चीही (१९६५). घरात गोष्टींचं वातावरण असूनही सईदसाहेब सरळ सिनेमात गेले नाहीत. आधी जाहिरात क्षेत्रात नोकरी केली. मग ती सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी झाले. १९७६ मध्ये तिथून बाहेर पडले तेव्हा तिशी ओलांडली होती.

त्यांच्या सिनेमातली माणसं आपल्या ओळखीची आहेत. ‘मोहन जोशी हाजिर हो’ (१९८४) मधलं म्हातारं जोडपं मोडकळीला आलेल्या इमारतीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतं. ‘सलीम लंगडे पे मत रो’ (१९८९) मध्ये गिरणी बंद पडलेल्या घरातला पोरगा गुंडगिरीकडे वळतो. मुसलमान पोरगा म्हणजे गुंड, असं म्हणणं सोपं असतं. तो तिथवर कसा पोचला, हे मिर्झांनी दाखवलं. त्याच सिनेमात उर्दू वृत्तपत्रात काम करणारा, शिकलेला अस्लमही आहे. म्हणजे दुसरी वाटही त्याच मोहल्ल्यातून जाते.

‘नसीम’ (१९९५) मध्ये शाळकरी नातीला जुन्या आग्र्याच्या आठवणी सांगणारे आजोबा कैफी आझमींनी साकारले. बाबरी मशीद पाडली गेली त्याच दिवशी ते जातात. या चित्रपटासाठी मिर्झांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ज्या संस्थेत शिकले, तिथेच पुढे त्यांनी शिकवलं आणि तिचे अध्यक्षही झाले. शिक्षक म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. मिळालेलं पुढच्यांना द्यायचं, ही तर तालीमची जुनी रीत.

प्रत्येक मुलाने सिनेमाच काढावा, असं मी म्हणत नाही. डिप्लोमा जरूर करावा. मिर्झांनीही आधी नोकरीच केली होती. पण आपली गोष्ट सांगू पाहणाऱ्या पोराला हसून गप्प बसवलं, तर ती गोष्ट दुसरेच सांगतील. आणि ती कशी सांगतात, हे आपण रोज पाहतोच आहोत.