हिवाळ्याच्या तोंडावर ग्वाल्हेरची बाग : झाडांच्या ऋतुनोंदींची प्रस्तावना

१५२८ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस बाबर ग्वाल्हेरला आला. किल्ला आणि मानसिंहाचा महाल त्याने हिंडून पाहिला आणि त्यांचे वर्णन बाबरनाम्यात केले. पण झाडांच्या अभ्यासकाने थांबावे अशी जागा त्यापुढे आहे. ग्वाल्हेरचा अंमलदार रहीमदाद याने लावलेल्या बागेत बाबराला लाल कण्हेर दिसली. इतर ठिकाणची कण्हेर फिक्या गुलाबी रंगाची, इथली मात्र गडद लाल, असे त्याने नोंदवले आणि तिची रोपे आग्र्याला नेऊन तिथल्या बागांत लावली. एक झुडूप, त्याच जातीची दोन ठिकाणची फुले, त्यांतला फरक आणि नोंदीचा काळ, एवढ्या चारच गोष्टी त्यात आहेत. ज्या अभ्यासात मी तुम्हाला बोलावतो आहे, त्याला पाया म्हणून इतके पुरते.

या अभ्यासाला शास्त्रज्ञ फिनॉलॉजी म्हणतात. मी ऋतुनोंदी म्हणेन. झाडाला पालवी कधी फुटली, कळी कधी धरली, फूल कधी उमलले, फळ कधी पिकले, पान कधी गळले, आणि या सगळ्याचा ऊन-पाऊस-थंडीशी संबंध काय, हा त्याचा विषय. तो जुना आहे. जपानात क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापर्यंत मागे जातात. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी ते काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू ठेवले. आपल्याकडे तर अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त ‘कुसुमलता’ नावाचा एक अध्यायच लिहिला. कोणत्या झाडाला फुला-फळांची भर आली म्हणजे कोणते पीक चांगले येईल, याचे आडाखे त्यात आहेत. ते आडाखे आज कसाला लावले तर किती टिकतील हा प्रश्न वेगळा. पण झाडाकडे बघून हंगाम ओळखावा ही दृष्टी माळव्यात दीड हजार वर्षांपूर्वी होती, आणि पुढे शिंद्यांची राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला आली त्या वाटेवरच आपण आजही राहतो, हे मला फार मोलाचे वाटते.

मग सुरुवात हिवाळ्याच्या तोंडावर का करायची? बहुतेक लोक बागेकडे वळतात ते फाल्गुन-चैत्रात, सावर पेटते आणि पळस फुलतो तेव्हा. त्या दिवसांत इतके काही एकदम घडते की नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात बाग निवांत असते. वरवर पाहता काहीच चाललेले नसते, आणि म्हणूनच एकेक झाड वेगळे ओळखू येते. ग्वाल्हेरच्या हिवाळ्याची ख्याती जुनीच आहे. १९४८ मध्ये मध्यभारत राज्य झाले तेव्हा उन्हाळ्यातली राजधानी इंदूर आणि हिवाळ्यातली ग्वाल्हेर, अशी वाटणी झाली होती. झाडांच्या अभ्यासकानेही तोच मोसम धरावा.

मराठी वाचकाला इथे एक अडचण येते. आपल्या हाती झाडांची जी पुस्तके आहेत, ती बहुतांशी सह्याद्री, कोकण आणि देशावरच्या निरीक्षणांवर उभी आहेत. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले आणि मराठी माणसाला महिन्यागणिक झाडांकडे पाहण्याची सवय त्याने लावली. त्या पुस्तकाचे ऋण मी मनापासून मानतो. पण ग्वाल्हेरच्या लष्कर किंवा मुरार भागात तीन-चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या मुलाने महाराष्ट्रातले महिने पाठ करून इथली झाडे पाहिली, तर त्याला झाडेच चुकल्यासारखी वाटतील. कोकणात आंब्याला डिसेंबरात मोहोर येऊ लागतो. इथे तो वसंतपंचमीच्या आगेमागे दिसतो. ग्वाल्हेर साधारण २६ उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. २१-२२ डिसेंबरला पुण्याचा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, आपला साडेदहाचा. अर्धा तास उजेड कमी, पहाटेची थंडी कितीतरी अधिक, आणि जानेवारीत कधी कधी दव गोठून कोवळे शेंडे करपतात. इथल्या झाडांचे पंचांग इथेच मांडावे लागेल, आणि ते आपल्यालाच मांडावे लागेल.

झाड ऋतू कशावरून ओळखते? ढोबळमानाने तीन गोष्टींवरून: दिवसाची लांबी, जमिनीतली ओल आणि तापमान. यांतली पहिली गोष्ट दरवर्षी तंतोतंत तीच असते. उरलेल्या दोन बदलतात. अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि काही वनस्पती दिवस आखूड झाल्याशिवाय फुलत नाहीत हे सिद्ध झाले. शेवंती त्याच गटातली, पॉइन्सेटियाही. पॉइन्सेटियाची वरची पाने नोव्हेंबरापासून लाल होऊ लागतात ती रात्र लांबल्यामुळे. रस्त्यावरच्या दिव्याखाली सापडलेले पॉइन्सेटियाचे झुडूप शोधा. उजेडाकडची बाजू हिरवी आणि अंधाराकडची लाल, असे एकाच झुडपावर दिसू शकते. कुठल्याही प्रयोगशाळेविना शाळकरी मुलाला दाखवता येईल असा हा पुरावा आहे.

मोठ्या बागेचे महत्त्व मला इथेच दिसते. फूलबागेसारख्या उद्यानात, जिवाजी विद्यापीठाच्या आवारात, मुरारच्या जुन्या बंगल्यांच्या परसात माळी पाणी देतो. म्हणजे बागेतल्या झाडाला दिवसाची लांबी आणि थंडी गावाइतकीच मिळते, पण ओल जास्त. शेजारीच किल्ल्याची टेकडी आहे. तिथला वालुकाश्म सप्टेंबरअखेर पाऊस सरला की कोरडा पडत जातो आणि पुढचे आठ-नऊ महिने त्याला मावठ्याच्या सरींखेरीज फारसे काही मिळत नाही. एकाच जातीचे एक झाड आळ्यातले आणि एक उतारावरचे, असे दोन्हींवर लक्ष ठेवले तर पान कशाने गळते, थंडीने की तहानेने, याचे उत्तर हळूहळू हाती येते. परदेशी पुस्तकांतून पानगळ म्हणजे थंडी असे आपल्या डोक्यात बसले आहे. आपल्या कोरड्या पानझडी रानांत पानगळीचे मुख्य कारण जमिनीतली घटती ओल हे आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयातले के. पी. सिंग आणि सी. पी. कुशवाहा यांनी विंध्य भागातली झाडे किती महिने निष्पर्ण राहतात यावरून त्यांचे गट पाडले. काही झाडे जुनी पाने टाकता टाकताच नवी घेतात, काही थोडे आठवडे उघडी राहतात, काही चार महिन्यांहून अधिक. ही विभागणी ग्वाल्हेरच्या अभ्यासकाने सोबत ठेवावी. आपले रान त्याच जातकुळीचे आहे. शिवपुरीच्या वाटेवरच्या टेकड्यांवर करधई याच दिवसांत तांबूस होऊ लागते. बागेत ती सहसा कोणी लावत नाही, आणि हे मला नेहमी खटकते. इथल्या खडकात इतकी मुरलेली झाडे थोडी असतील.

आता आवळ्याकडे येऊ, कारण या मोसमाचे खरे झाड तेच. कार्तिकात आपल्या घरांत आवळीभोजन होते, आणि शेजारची हिंदी घरेही आंवला नवमी पाळतात. त्या दिवशी ज्या फळांखाली आपण पंगत मांडतो, त्यांची फुले मार्च-एप्रिलमध्ये येऊन गेलेली असतात. फलधारणा झाल्यावर तो इवलासा गर्भ सारा उन्हाळा वाढीविना फांदीवर चिकटून राहतो. पावसाची ओल मिळाली की वाढू लागतो, आणि नोव्हेंबर ते जानेवारी फळ तयार होते. शिवाय आवळ्याची जी पिसासारखी पाने आपल्याला वाटतात, त्या मुळात बारीक डहाळ्या असतात आणि पानगळीत त्या अख्ख्याच्या अख्ख्या गळतात. नोंद करताना ‘पान गळले’ असे लिहाल, तेव्हा नेमके काय गळले ते पाहून लिहा. आवळ्याचे एकच झाड वर्षभर पाहणाऱ्याला ऋतूंविषयी जे कळते, ते दहा झाडांवरून धावती नजर टाकणाऱ्याला कळत नाही.

आवळ्याबरोबर तिथीचा प्रश्न येतो. देवउठनी एकादशीला या भागात ऊस, बोर, भाजी आणि आवळा देवापुढे ठेवतात. ही एकादशी २०२३ मध्ये २३ नोव्हेंबरला आली, २०२४ मध्ये १२ नोव्हेंबरला, आणि २०२५ मध्ये नोव्हेंबर उघडता उघडता. तीन आठवड्यांचे हे अंतर आहे. सण चंद्राने ठरतो, आणि अधिक मासाने ती घडी पुन्हा बसवली जाते. झाड मात्र सूर्याच्या आणि पावसाच्या तालावर चालते. बोरीला बारीक पिवळट-हिरवी फुले येतात पावसाळा सरताना, आणि फळ पिकते संक्रांतीच्या सुमारास व त्यानंतर. म्हणून देवापुढचे बोर एखाद्या वर्षी अगदीच कच्चे असते, एखाद्या वर्षी जरा भरलेले. घरच्या जुन्या डायऱ्यांत ‘एकादशीला बोरे मिळाली नाहीत’ असे वाक्य सापडले, तर ते टाकून देऊ नका. शेजारी इंग्रजी तारीख घालून ठेवा; ती ऋतुनोंदच आहे. नव्या नोंदी करतानाही दोन्ही लिहाव्यात, तिथी आपल्या माणसांसाठी आणि तारीख तुलनेसाठी.

बाकीच्या झाडांबद्दल थोडक्यात सांगतो. सातवीण ऑक्टोबरात फुलते. संध्याकाळी तिचा दर्प रस्ताभर पसरतो आणि नोव्हेंबर सरेपर्यंत फुलांचा सडा संपून लांब, बारीक जोडशेंगा लोंबू लागतात. पारिजातकाचा बहर ओसरून चपटी, गोल फळे उरलेली असतात. कांचनाची नोंद जपून करा. हिवाळ्याच्या तोंडावर पानांसह फुललेला दिसतो तो देवकांचन. पाने झडल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तो दुसरा कांचन, आणि आता त्याच्या अंगावर फुलांचा मागमूस नसतो. शंका आली तर फूल उघडून पुंकेसर मोजा: देवकांचनात पूर्ण वाढलेले सहसा तीन, दुसऱ्यात पाच. शिसवाची पाने डिसेंबरात पिवळी पडतात. शिरिषाच्या शेंगा वाळून वाऱ्याने खुळखुळतात. बहाव्याच्या काळ्या नळ्या लोंबत असतात, पण पाने अजून गर्द असतात. चाफा उघडा पडत जातो आणि त्याच्या जाड फांद्यांवर पानांचे वण मोजता येतात. कडुनिंब धुळीने माखलेला पण भरलेला. त्याची पानगळ फेब्रुवारीनंतर. कण्हेर थोडी थोडी फुलतच राहते.

पद्धत अवघड नाही, पण शिस्त हवी. झाड ठरवा, त्याला खूण करा, आणि आठवड्यातून एकदा त्याच वारी पाहा. पाने कोवळी, जून की पिवळी. कळी आहे का, फूल आहे का. फळ कच्चे की पिकलेले. आणि प्रत्येकापुढे ‘नाही, थोडे, पुष्कळ’ एवढेच लिहा. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमातही साधारण अशीच सोपी मोजणी आहे. केरळातल्या शाळांतल्या मुलांनी तिथे इतक्या नोंदी केल्या आहेत की विषूचा सण आणि बहाव्याचा बहर यांची जोडी कुठे सुटते आहे, यावर तिथे पुराव्यानिशी बोलता येते. ‘नाही’ हा शब्द लिहायला कंटाळू नका. सलग सहा आठवडे ‘कळी नाही’ असे लिहिलेले असेल, तरच सातव्या आठवड्याच्या कळीला अर्थ येतो.

माणसाचा हातही नोंदीत यायला हवा. हजीऱ्याला तानसेनच्या समाधीजवळ चिंचेचे झाड आहे. त्याची पाने चघळली की गळा गोड होतो, या श्रद्धेने गवई आणि रसिक ती तोडत आले आहेत. जुने झाड गेले, त्या जागी नवे आहे. तानसेन समारोह डिसेंबरात भरतो. चिंचेची पाने तेव्हा जून झालेली असतात, आणि शेंगा हिरव्या, भरत आलेल्या. अशा झाडाच्या खालच्या फांद्या उघड्या दिसल्या, तर तिला पानगळ म्हणायचे का? बागेतही हाच प्रश्न येतो. गुलाबाची छाटणी माळ्याने ऑक्टोबरात कधी केली यावर त्याचा डिसेंबरचा बहर ठरतो. म्हणून वहीत छाटणी, पाणी आणि खत यांना एक रकाना ठेवा, आणि तो माळ्याला विचारून भरा. ग्वाल्हेरच्या बागांविषयी माळ्यांना जे ठाऊक आहे, त्यातले फार थोडे आजवर कागदावर आले आहे.

काम करायला जागा कितीतरी आहे. मावठा लवकर पडला तर शिसवाची पानगळ लांबते का? रात्रभर दिव्याखाली असलेला शिरीष अंधारातल्या शिरिषापेक्षा पाने जास्त दिवस धरतो का? टेकडीवरची बोर आणि बागेतली बोर यांच्या पिकण्यात किती दिवसांचे अंतर पडते? करधईचा तांबूसपणा ज्या वर्षी पाऊस लवकर सरतो त्या वर्षी आधी येतो का? एका हिवाळ्यात यांतले काहीच सुटणार नाही. पाच-सात हिवाळे आणि दहा-बारा माणसे लागतील. निवृत्त शिक्षक, विद्यापीठातले विद्यार्थी, सकाळी फूलबागेत फिरायला येणाऱ्या आज्या, कोणीही चालेल. झाडांची नावे मराठीत लिहा, हिंदीत लिहा, दोन्हींत लिहा. पहिल्या वर्षासाठी आवळा, बोर, शिसव, काटेसावर आणि एक पॉइन्सेटिया एवढी पाच पुरेत. सावरीच्या आडव्या फांद्यांवर डिसेंबरअखेर पाने किती उरली आणि पहिल्या कळ्या कोणत्या तारखेला दिसल्या, तिथपर्यंत पहिली वही न्या.