वर्षाविहार : वाढते पाणी ओळखा

लोणावळ्यातील भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध खडकावर ते एकमेकांना धरून उभे होते. काठावरच्यांना काहीच करता आले नाही. डोंगरमाथ्यावर सर कोसळली, की कातळावरून पाणी काही मिनिटांतच खाली येते. खाली पाऊस नसला तरी. पाणी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या दिसू लागल्या, की सामानाचा मोह सोडून काठ गाठावा. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नये. दोर किंवा ओढणी फेकावी, ११२ क्रमांकावर कळवावे.

मावळातील कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चौघांचा बळी गेला. धोक्याचा फलक तेथे होताच.