अनवाणी पळणारी पोरं

आमच्या इगतपुरीच्या पावसात मुलांचे बूट चार-चार दिवस वाळत नाहीत. शाळा सुटली की पोरं ते हातात घेतात आणि चिखल तुडवत पळत सुटतात. घरी त्यावरून बोलणी बसतात. पण श्रोतेहो, या अनवाणी पळण्यालाही इतिहास आहे आणि तो थेट ऑलिंपिकपर्यंत जातो.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. धावणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. खाणं बेताचं, पाय उघडे, शिकवणारं कुणी नाही. तरी काहींनी नोंदवलेल्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. टाटा चकित झाले. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतातून संघ गेला, तो त्यांच्या खटपटीमुळे. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

उघड्या पायाने पळताना टाच आपटली की कळ थेट डोक्यात जाते. म्हणून पाऊल आपोआप पुढच्या भागावर, अलगद पडतं. खडे, उतार, गवत चाचपताना तळव्याचे बारीक स्नायू कामाला लागतात. मणिपालच्या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बुटांत ते सर्वांत जास्त, चपलांमध्ये कमी.

म्हणून गरिबीलाच व्यायाम म्हणायचं का? मला ते पटत नाही. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावली, कारण बूट घ्यायला पैसे नव्हते. २०१० मध्ये तिने दहा हजार मीटरमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं कांस्य आणि आशियाई स्पर्धेचं रौप्य मिळवलं, ते मात्र रीतसर प्रशिक्षणानंतर. शिवाय घाण मातीतून अंकुशकृमी तळव्याच्या कातडीवाटेच शरीरात शिरतो. काटा, काच, साप आहेतच.

सरकारी शाळांतल्या मुलांना बूट-मोजे देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला, तो योग्यच. रस्त्याने येता-जाता ते पायात हवेत. पण मैदान झाडून स्वच्छ केलेलं असेल, तर खेळाच्या तासाला ते कडेला ओळीने काढून ठेवायला काय हरकत आहे? तालमीच्या तांबड्या मातीत तर कुणी जोडे घालून उतरतच नाही.