बहुमताविना सरकार

१९ ऑक्टोबर २०१४. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांचा निकाल लागला : भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१, अपक्ष व लहान पक्ष २०. बहुमताचा १४५ हा आकडा कोणाकडेच नव्हता. तरीही ३१ ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

हे कसे घडले? राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. मात्र सभागृहातील ठराव एकूण सदस्यसंख्येच्या नव्हे, तर उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने संमत होतो. राष्ट्रवादीने निकालाच्याच दिवशी बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. त्या पक्षाचे ४१ आमदार नुसते तटस्थ राहिले असते, तरी शिवसेना व काँग्रेसचे मिळून १०५ होत होते. उरलेल्या २० पैकी मोजके सोबत आले की १२२ पुरेसे ठरत. अल्पमतातील सरकार असे समर्थकांइतकेच गप्प बसणाऱ्यांच्या बळावर तरते.

१२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. शिवसेना व काँग्रेसने मतविभाजन मागितले. ते झाले नाही. परिणामी कोणत्या आमदाराने कोणता कौल दिला, याची नोंदच उरली नाही. ५ डिसेंबरला शिवसेना सत्तेत सामील झाली आणि अल्पमताचा अध्याय संपला.

मतदार मुख्यमंत्री निवडत नाही, आमदार निवडतो. त्या आमदाराचे मत, आणि मौनही, नोंदले गेले तरच त्याला पुढच्या निवडणुकीत जाब विचारता येतो.