हिशोब गिऱ्हाइकाच्या हाती

आपणच माल यंत्रासमोर धरायचा, आपणच बिल भरायचं आणि पिशवी उचलून निघायचं, अशी सोय मेळघाटातल्या धारणीच्या एकाही किराणा दुकानात नाही. ती पाहायला पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत जावं लागतं. पण त्या यंत्राने दुकानदाराकडून काढून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलेल्या कामातलं निम्मं काम धारणीचं गिऱ्हाईकही रोज करतं. गल्ल्याजवळ चिकटवलेला चौकोनी कोड मोबाइलने टिपायचा, रक्कम आपण टाकायची, पिन आपण दाबायचा आणि साउंडबॉक्स बोलेपर्यंत तिथेच उभं राहायचं. मागे माणसं खोळंबलेली असतात. होळीच्या आधी, मजुरीला बाहेर गेलेले लोक गावाकडे परतलेले असताना, हा खोळंबा रस्त्यावर येतो. हे काम दुकानदाराच्या हातून निघून आपल्या हाती कसं आलं, त्याची ही कुळकथा.

जुन्या वऱ्हाडी दुकानात गिऱ्हाइकाने कशाला हात लावायचं कारणच नसे. गिऱ्हाईक ओट्यावर, सेठ आत गादीवर. काय पाहिजे ते सांगायचं. नोकर पोत्यातून काढणार, तागडीत टाकणार, कागदाचा पुडा बांधून वर सुताचा दोरा गुंडाळणार. बेरीज सेठच्या तोंडी आणि उधारी त्याच्या वहीत. या सगळ्यात गिऱ्हाइकाचं काम एकच, विश्वास ठेवणं. मेळघाटातल्या कोरकू माणसाला हा विश्वास फार महाग पडला. तो मोहफुलं, चारोळी, डिंक घेऊन यायचा आणि मीठ, तेल, कापड घेऊन जायचा. त्याच्या मालाचं वजन व्यापारी करणार, भाव व्यापारी सांगणार, बदल्यात दिलेल्या मिठाचा भावही तोच ठरवणार. महाराष्ट्राने १९७६ मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा केला आणि आदिवासी विकास महामंडळाच्या हाती एकाधिकार खरेदी दिली, ती याच व्यवहाराला आळा घालण्यासाठी. म्हणून धारणीत बसून ही कथा सांगायची तर यंत्रापासून सुरुवात करून चालत नाही. वजन कोण करतं आणि भाव कोण सांगतं, तिथून ती सुरू होते.

वजनाचा प्रश्न आधी सुटला. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने दशमान वजनं आली, शेर-छटाक गेले, किलो-ग्राम आले. वजनांवर सरकारी छाप बसू लागली. तागडीवर शंका आली तर आता दाद मागायला जागा होती. भाव मात्र सेठच्या तोंडीच राहिला. तो तोंडातून निघून वेष्टनावर जाऊन बसला तेव्हा खरा बदल झाला. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी पाकिटावर काय छापायचं ते ठरवलं आणि १९९० पासून सगळ्या करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं आलं. एमआरपी म्हणतात ती हीच. माझ्या मते भारतातल्या गिऱ्हाइकाच्या हाती आलेलं हे पहिलं हत्यार. बिस्किटाच्या पुड्यावर किंमत वाचता येणारं शाळकरी पोरही त्या दिवसापासून दुकानदाराला सांगू लागलं, ‘काकाजी, यावर तर पाच लिवले आहेत.’

गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलावा ही कल्पना आली अमेरिकेतून. सप्टेंबर १९१६ मध्ये क्लॅरेन्स साँडर्स या माणसाने मेम्फिस शहरात पिगली विगली नावाचं दुकान उघडलं. आत शिरायला फिरतं फाटक, मांडण्यांमधून वळत जाणारी एकच वाट आणि शेवटी पैसे घेणारा माणूस. गिऱ्हाइकाने टोपली घ्यायची, हवं ते उचलायचं आणि वाटेने पुढे सरकत राहायचं. नोकरांचा पगार वाचला आणि माल स्वस्त झाला. पण सगळे एकाच तोंडाशी येऊन थांबू लागले. साँडर्सने ओट्यापुढची गर्दी मोडली आणि तिच्या जागी गल्ल्यापुढची रांग तयार केली. पुढची शंभर वर्षं दुकानदारीतले हुशार लोक या एका रांगेशी झगडत आले आहेत.

त्या झगड्यातला मोठा टप्पा म्हणजे बारकोड. नॉर्मन वुडलँड नावाच्या तरुणाने मायामीच्या समुद्रकाठी बसून वाळूत बोटं ओढली. तारायंत्राच्या मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा खाली ओढून लांब केल्या तर त्या यंत्राला वाचता येतील, हे त्याला तिथे सुचलं. १९५२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, पण ते वाचणारं स्वस्त यंत्र यायला वीस वर्षांवर काळ गेला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंग गमचं एक पाकीट यंत्रासमोरून गेलं. किंमत ६७ सेंट. बारकोड वाचून विकलेली ती पहिली वस्तू. भारतीय कंपन्यांच्या मालावरच्या बारकोडखाली ८९० हा आकडा आधी असतो. धारणीत विकत घेतलेल्या साबणावर पाहा, दिसेल.

यंत्र किंमत वाचू लागलं, तेव्हा ते चालवायला दुकानाचाच माणूस कशाला, हा प्रश्न ओघानेच आला. फ्लोरिडातल्या डेव्हिड हंबल यांनी दुकानाच्या रांगेत ताटकळण्याला कंटाळून त्यावर यंत्र केलं आणि १९८६ मध्ये अटलांटाजवळच्या क्रोगर दुकानात ते बसवलं. त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माल गिऱ्हाईक स्वतः स्कॅन करायचं, पण पैसे घ्यायला माणूस होता. पैसेही यंत्राने घ्यायचे हे नंतर आलं. मग चोरीच्या भीतीने पिशवी ठेवायच्या जागेखाली वजनकाटा बसला. स्कॅन केलेल्या मालाचं वजन आणि पिशवीचं वजन जुळलं नाही की यंत्र अडतं आणि मदतीला माणूस येईपर्यंत मागची रांग थांबते. या एका कारणाने लोक त्या यंत्रांवर जितके चिडले तितके दुसऱ्या कशाने चिडले नसतील. उत्तर इंग्लंडच्या बूथ्स या साखळीने २०२३ मध्ये आपल्या बहुतेक दुकानांतून ही यंत्रं काढून टाकली आणि माणसं परत उभी केली. अमेरिकेत टार्गेट या साखळीने २०२४ मध्ये बहुतेक दुकानांत नियम केला, दहा किंवा त्याहून कमी वस्तू असतील तरच या रांगेत या. ज्या शिस्तीची अपेक्षा आधी लोकांच्या समजुतीवर सोडली होती, ती शेवटी पाटीवर लिहावी लागली.

आपल्याकडे गल्ल्यावरची शिस्त आली ती वेगळ्या वाटेने. मुंबईत १९४३ मध्ये युद्धकाळात धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि कार्ड हातात धरून नंबर लावायची सवय शहराला लागली. पुढे रेशन खेडोपाडी गेलं, तशी रांगही गेली. महाराष्ट्रातच गिऱ्हाइकांनी दुकानाशिवाय वाणसामान घ्यायची एक रीत उभी केली, तिचा उल्लेख इथे करायलाच हवा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे करते आहे. शेजारपाजारची काही घरं मिळून एक संघ, महिन्याची यादी आणि पैसे आधी द्यायचे, माल ठरल्या दिवशी एका ठिकाणी येणार आणि सभासदांनीच तो मोजून वाटून घ्यायचा. गल्ल्यावर कोणी बसलेलं नसतं. ज्याची पाळी त्याने वेळेवर हजर राहायचं, आपलं घेऊन झालं तरी दुसऱ्याचं मोजायला थांबायचं. गिऱ्हाइकाने दुकानदाराचं काम अंगावर घेतलं आणि ते आनंदाने निभावलं, याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही. तिथे यंत्र नव्हतं आणि काम अडलं नाही, कारण पाळी कोणाची हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता मेळघाट. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह करत धारणीकडे येताना वाटेत हरिसाल लागतं. २०१६ मध्ये राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने या गावाला देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभांमध्ये याच गावाचे व्हिडिओ दाखवून तो दावा खोडून काढला आणि हरिसालचं नाव महाराष्ट्रभर झालं. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. यंत्र गावात येणं आणि गावाच्या अंगवळणी पडणं यात बरंच अंतर असतं, आणि ते अंतर नेटवर्कने मोजलं जातं.

अंगवळणी पडलं ते कागदावर छापलेलं एक चौकोनी चित्र. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवण्यासाठी केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला सांगतात की कोड इथे आहे आणि तो कुठल्या बाजूने धरलेला आहे. म्हणून मोबाइल उलटा धरला तरी चालतं. कोडात माहिती थोडी जादा भरलेली असते. सगळ्यात मजबूत प्रकारात तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. गुळाचे चिकट हात, तेलाचे ओघळ, पावसाळ्यातली ओल, एका कोपऱ्याचं उडालेलं प्लास्टिक, हे सगळं सोसूनही तो किराणा दुकानात चालतो तो या गुणामुळे. कंपनीने तो सर्वांना वापरायला मोकळा ठेवला. भारतात २०१६ मध्ये युपीआय आलं आणि या चित्राला बँकेचं खातं जोडलं गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरातल्या युपीआय व्यवहारांची संख्या एका महिन्यात पहिल्यांदाच १,००० कोटींवर गेली.

गल्ल्यावर मात्र नवी अडचण उभी राहिली. पैसे खरंच आले की नाही हे दुकानदाराने कसं ओळखायचं? गिऱ्हाईक स्क्रीन पुढे करतं, त्यावर हिरवी खूण असते, पण ती कालचीही असू शकते. दुकानदार तेलाचे हात पुसून आपला मोबाइल उघडणार, मेसेज शोधणार, तोवर तिघं उभे. त्यावर तोडगा म्हणून बोलणारा डबा, म्हणजे साउंडबॉक्स, आला. तो रक्कम मोठ्याने सांगतो आणि दुकानदार मान वर न करता पुढचं माप घालतो. नोट उजेडात धरून पाहणारी नजर जे काम करायची, ते आता डब्याचा आवाज करतो. धारणीत मात्र सिग्नल गेला की डबा मुका होतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेले, डबा गप्प, दुकानदार म्हणतो ‘थांबा भाऊ, अजून आले नाही’, आणि मागून कोणीतरी विचारतं, ‘कायले थांबले बावा?’

दुसरं यंत्र रेशन दुकानात. ई-पॉसवर शिधापत्रिकेचा नंबर टाकायचा, घरातल्या माणसांची नावं येतात, त्यातल्या एकाने काचेवर अंगठा ठेवायचा, मग पावती निघते आणि धान्य मिळतं. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो. इथे गिऱ्हाइकाचा अंगठाच त्याचं बिल आहे. कापूस वेचून, मोहफुलं गोळा करून, दगडमातीचं काम करून घासलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत आणि ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य दुकानात वारंवार ऐकू येतं. बाई हात धुते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते, दुसरं बोट ठेवते. मागचे कुरकुरतात, आणि मला त्या कुरकुरण्याचा राग येतो. दिवसाची मजुरी बुडवून ती तिथे उभी आहे आणि तिचं बोट न वाचणारं यंत्र तिने बनवलेलं नाही. यंत्राने अडवलं तर दुसरी सोय करून देणं दुकानदाराच्या कामाचा भाग आहे. त्यात तो तिच्यावर मेहरबानी करत नाही.

शंभर वर्षांत तागडी, भाव, स्कॅन, पैसे असं एकेक काम ओट्यापलीकडून अलीकडे आलं. प्रत्येक वेळी दुकानाचा खर्च वाचला आणि रांगेतल्या माणसावर थोडी जबाबदारी वाढली. ती निभावायला फार काही लागत नाही. माल तागडीत असतानाच मोबाइल उघडून ठेवावा. पिशवी भरून झाल्यावर खिसे चाचपू नयेत. रक्कम टाकली की ती दुकानदाराला एकदा मोठ्याने सांगावी. छोट्या रकमेसाठी युपीआय लाइट सुरू करून ठेवलं तर पिन दाबावा लागत नाही. साधा बटणांचा फोन असेल तर २०२२ पासून युपीआय १२३पे आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोहोचले नाहीत तर भांडू नये, बाजूला व्हावं आणि मागच्याला पुढे जाऊ द्यावं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत; नाही आले तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची आहे. रेशन घेताना पावती मागावी आणि तिच्यावरचे किलो वाचून पोत्याकडे पाहावं. वाचता येत नसेल तर रांगेतल्या शिकलेल्या पोराने वाचून दाखवावं.

दुकानदारांना एक विनंती. कोड लावा, डबा लावा, पण गल्ल्यात सुटे पैसे ठेवा. पाड्यावरून येणाऱ्या अनेकांच्या हाती अजून नोटच असते, आणि सिग्नल गेलेल्या दुपारी सगळ्यांच्याच हाती तीच उरते. आणि गिऱ्हाइकांनो, रोखीवाली मावशी हातात पन्नासची नोट घेऊन मागे उभी असेल आणि तुमचा मोबाइल अजून फिरतोच आहे, तर तिला आधी जाऊ द्या.